आठ आठवड्यांत मावेल तेवढंच टिश्यू इंजिनिअरिंग

तुमची लेक बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, उन्हाळ्यात तिला टिश्यू इंजिनिअरिंगच्या, म्हणजे पेशींपासून शरीरातल्या ऊती घडवायच्या लॅबमध्ये काम करायचंय आणि अमेरिकेतल्या ‘आरईयू’ (पदवीच्या मुलांसाठीच्या संशोधन) कार्यक्रमांची यादीही तिने काढलीय. ती यादी आधी बाजूला ठेवायला सांगा. त्यांचा पैसा तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा असतो आणि तो अमेरिकी नागरिक किंवा ग्रीनकार्डवाल्यांसाठीच असतो. आपल्याकडची मुलं निबंध लिहून झाल्यावर ही अट वाचतात.

आपल्याकडे बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. मुदत दोन महिने, विद्यावेतन मिळतं. अर्ज मात्र साधारण नोव्हेंबरमध्ये भरायचा असतो, त्यामुळे शिफारसपत्रासाठी सरांना दिवाळीआधीच गाठावं. शिवाय थेट पत्र लिहिता येतं: आयआयटी मुंबईचा बायोसायन्सेस आणि बायोइंजिनिअरिंग विभाग, पॉलिमरसाठी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), हृदयाची कृत्रिम झडप विकसित करणारी तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय संस्था. पन्नास जणांना एकच मेल पाठवू नये. तो ओळखू येतो.

पण खरी मेख विषय निवडण्यात आहे. सगळ्यांना मूलपेशींपासून हाड बनवायचं असतं. त्यात खनिज साठलं का हे अलिझरिन रेड या कॅल्शियम दाखवणाऱ्या लाल रंगाने रंगवून बघायला सुमारे २१ दिवस लागतात. पेशी निर्जंतुक हाताळायला शिकण्यात त्याआधीच दोन आठवडे जातात. म्हणजे आठ आठवड्यांत प्रयोग जेमतेम एकदा होतो.

माझा तोही झाला नाही. जून महिना, बाहेर धो धो पाऊस, आणि सोळाव्या दिवशी फ्लास्कमध्ये कापसासारखी पांढरी बुरशी! सगळं ब्लीचमध्ये. मग गाइडनी मला इलेक्ट्रोस्पिनिंगवर बसवलं. पॉलिकॅप्रोलॅक्टोन या पॉलिमरच्या द्रावणाला हजारो व्होल्ट देऊन त्याचे अतिसूक्ष्म धागे ओढायचे, त्यांचं जाळं म्हणजे पेशींना बसायचा सांगाडा. तिथेही दमट हवेने धागे बिघडत होते, पण इथे तोच प्रश्न झाला: आर्द्रता बदलली की धाग्याची जाडी किती बदलते? तीन आठवड्यांत सांगण्यासारखं उत्तर हातात आलं.

म्हणून तिने सांगाड्याच्या बाजूचं काम मागावं. सांगाडा जेलचा असेल तर ते किती फुगतं, किती दिवसांत विरघळतं, छिद्रं केवढी पडतात. पेशींचा भाग शेवटी, तोही एल९२९ या उंदराच्या पेशींवर एमटीटी चाचणीपुरता; जिवंत पेशी असतील तर तिच्यात जांभळा रंग येतो. (सोबत पेशी न टाकलेला सांगाडाही तपासायचा. काही सांगाडे पेशी नसतानाही स्वतःच जांभळा रंग तयार करतात आणि आकडे फसवतात.)

आणि होकार आला की आधी विचारायचं, रोज शिकवणार कोण? बहुतेक वेळा कुणी पीएचडीचा विद्यार्थी असतो. तो जूनमध्ये रजेवर नाही ना, हेही विचारून घ्यावं.