तिशीची काळजी आत्ता नको

प्रिय,

वेगवान गोलंदाज तिशीनंतर संपतो, म्हणजे हातात दहा-अकरा वर्षं, आणि त्यातलं एक पाठीच्या दुखण्यात गेलं, असा हिशेब तू मांडला आहेस. घाई समजते, पण हिशेब पटत नाही. धोक्याचं वय म्हणशील तर ते तुझं आत्ताचंच आहे.

कमरेचे मणके विशीच्या मध्यापर्यंत पक्के होत असतात. चेंडू टाकताना पुढचा पाय आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर वर चढतो, त्याच क्षणी कंबर एका बाजूला वाकून पिळली जाते. म्हणून हाडाची चीर बहुधा बॉलिंगच्या हाताच्या विरुद्ध बाजूला पडते. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्सने 2011 मध्ये जोहान्सबर्गला अठराव्या वर्षी कसोटी पदार्पण केलं, दुसऱ्या डावात सहा बळी घेतले, सामनावीर ठरला. त्याची पुढची कसोटी थेट 2017 मध्ये, रांचीला! मधली वर्षं मुख्यतः पाठीने खाल्ली. तरी पुढे तो कर्णधार झाला आणि तीनशे बळींपर्यंतही पोहोचला.

वय वाढलं की वेग एकदम पडत नाही. आधी कमी होते ती थकवा भरून निघण्याची ताकद. सकाळचा पहिला स्पेल, म्हणजे सलग टाकलेली षटकं, पूर्वीसारखाच पडतो. संध्याकाळचा तिसरा जड जातो, आणि दुसऱ्या दिवशी अंग उठत नाही. इंग्लंडचा जेम्स अँडरसन 2015 च्या विश्वचषकानंतर एकदिवसीय सामने खेळला नाही, कसोटी मात्र 2024 पर्यंत खेळला. एक्केचाळिसाव्या वर्षी, 704 बळींवर थांबला. तरुणपणी त्याच्याही पाठीत फ्रॅक्चर झालं होतं. त्याला तारलं ते मनगटाने आणि सीमने, म्हणजे चेंडूच्या शिवणीवरच्या ताब्याने. नशिबाचा वाटा मात्र राहतोच. दक्षिण आफ्रिकेच्या डेल स्टेनकडे कौशल्य काय कमी होतं? 2016 मध्ये पर्थला खांदा मोडला आणि नंतर त्याचं सातत्य राहिलं नाही.

पस्तिशीपुढच्या गोलंदाजांच्या सरासऱ्या पाहून मात्र भाळू नकोस. ज्यांचा खेळ ढासळला ते आधीच संघाबाहेर गेलेले असतात, आकडे उरलेल्यांचे असतात. फिरकीवाल्यांचं तर गणितच वेगळं: ऑस्ट्रेलियाच्या क्लॅरी ग्रिमेटने तेहतिसाव्या वर्षी कसोटी पदार्पण करून 216 बळी घेतले, श्रीलंकेचा रंगना हेराथ चाळिशीपर्यंत खेळला.

तुझ्यासाठी काम एवढंच. नेट्स, सामना, वॉर्मअप, जिथे जिथे चेंडू टाकशील तो वहीत मोज. आठवडाभर विश्रांती आणि मग एकदम दुप्पट षटकं, हे पाठीला सगळ्यात वाईट. कर्णधाराने 'अजून दोन टाक' म्हटलं तरी फिजिओची मर्यादा मोडू नकोस. कर्णधाराला तुझा मणका दिसत नाही. पूर्ण जोराने टाकता येत नाही तोवर छोट्या रनअपवरून सीम सरळ ठेवायला शिक, ते पुढे वीस वर्षं कामी येईल.

गेल्या चार आठवड्यांचे आकडे पुढच्या पत्रात पाठव. वेगाचे नकोत, चेंडूंचे.