65 मॅच जिंकलेली आइस हॉकीची टीम बोस्टन ब्रुइन्स घरच्याच रिंकवर काऊन हरली?
भाऊ, टीम भंगार नव्हती, सिझनमध्ये 65 विजय अन् 135 पॉइंट म्हणजे एनएचएलचा, उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा, रेकॉर्ड होता. पण प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, पहिल्याच राउंडमध्ये फ्लोरिडा पँथर्सविरुद्ध सात मॅचच्या मालिकेत 3-1 नं पुढं असताना सलग तीन मॅच घालवल्या, अन् सातवी तर घरी, ओव्हरटाइममध्ये 4-3 नं. 30 एप्रिल 2023 ची गोष्ट, आपल्याकडं 1 मे ची पहाट होती, मी गोठ्यातलं काम सोडून मोबाइलवर पाहत होतो, तेही नेट मधीमधी अडकत होतं ते वेगळंच.

त्या सातव्या मॅचमध्ये ब्रुइन्स आधी 0-2 मागं होते, मग 3-2 नं पुढं गेले, शेवटचं जेमतेम एक मिनिट उरलं तं पँथर्सनं आपला गोलकीपरच बाहेर काढला अन् त्याच्या जागी एक जास्तीचा खेळाडू घातला, म्हणजे सहा जण हल्ल्याला, मागं जाळी मोकळी. लय डेंजर जुगार बे! पण पँथर्सच्या माँटूरनं गोल केला, बरोबरी. प्लेऑफच्या ओव्हरटाइममध्ये पहिला गोल पडला की मॅच खल्लास, तो मारला पँथर्सच्याच वेर्हागीनं.

माया मते पुढं आल्यावर ब्रुइन्स जरा गाफीलच झाले, आपल्याकडं शंकरपटात शेवटच्या टप्प्यात कासरा ढिला सोडतात ना, तसंच.