शेती सांभाळून खेड्यात फॅन्टसी कादंबरी लिहिणं जमतं का? हे लेखक दिवसभर नेमकं काय करतात?

जमतं. मी चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडच्या धानपट्ट्यात राहतो, घरची शेती बघतो आणि अद्भुत कथा-कादंबऱ्या लिहितो. कल्पना सुचण्याची वाट बघत बसावं लागतं का, असंही तुम्ही विचारलंय. नाही. कल्पना एका वाक्यात संपते. त्या वाक्यामुळे माणसांचं काय काय होईल ते शोधण्यात वर्षं जातात.

चंद्रपूरची दंतकथाच घ्या. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाला एक ससा कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला. अशक्य गोष्ट एवढीच. मग राणीने सुचवलं, ससा ज्या वाटेने धावला त्याच वाटेने परकोट बांधा. तो परकोट आजही आहे, जटपुरा गेटखालून रोज गाड्या जातात. सशात एवढं बळ कुठून आलं, याचा खुलासा सांगणाऱ्याने केलाच नाही. पुढे माणसांनी काय केलं ते सांगितलं. म्हणून ती गोष्ट टिकली, असं मला ठाम वाटतं.

सध्याच्या माझ्या कादंबरीत एक मामा तलाव आहे. (गोंड राजवटीपासून बांधलेले असे माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’, तलाव आमच्या पूर्व विदर्भात गावोगाव आहेत.) या तलावाचं पाणी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, घ्यायचं तर एक आठवण द्यावी लागते, आणि दिलेली आठवण परत येत नाही. आता एका आठवणीला पाणी किती? लग्नाच्या आठवणीला जास्त मिळेल का? म्हाताऱ्यांकडे साठा मोठा, मग घरात त्यांचा मान वाढेल की पोरं त्यांना तलावाच्या पाळीवर नेऊन बसवतील? मोठा शेतकरी स्वतःची आठवण कशाला देईल, तो मजूर लावेल. म्हणजे रोवण्याच्या (धानाच्या लावणीच्या) मजुरीसारखा आठवणीचाही भाव ठरणार. शेवटच्या टोकाच्या बांधीला पाणी पोचतच नाही, तिथल्या बाईने शेवटी नवऱ्याचा चेहरा देऊन टाकला, तर संध्याकाळी घरात शिरणाऱ्या परक्या माणसाला ती जेवायला वाढेल का? या प्रश्नापाशी मला माझी नायिका सापडली.

हे सगळे नियम मी एका जाड रजिस्टरात लिहून ठेवतो. कोणी कोणती आठवण दिली, त्यानंतर त्याला काय बोलता येणार नाही, पऱ्हे (धानाची रोपं) कधी टाकले, रोवणा कधी लागला. आमच्याकडचा वाचक आठवण देऊन पाणी मिळतं हे एका ओळीत मानेल, पण मे महिन्यात रोवणा दाखवला तर पुस्तक बाजूला ठेवेल.

नवीन मजकूर पहाटे, ढोरांचं करण्याआधी. शेताची लाईन रात्री असली की मोटार लावून धुऱ्यावर (बांधावर) बसतो आणि पात्रांचे संवाद मोठ्याने म्हणून बघतो. तोंडात अडकलेलं वाक्य कागदावरही अडकतंच. झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली, नाटकं रात्रभर चालतात आणि मंडईला (गावच्या जत्रेला) आलेली माणसं थंडीत पहाटेपर्यंत जागची हलत नाहीत, कारण प्रत्येक प्रवेशात काहीतरी घडतं. लांबलेली वर्णनं कापताना मी त्या माणसांना समोर धरतो.

अडचण येते जुलैत. दिवाळी अंकांना कथा तेव्हाच हव्या असतात आणि रोवणाही तेव्हाच. म्हणून कथा उन्हाळ्यातच पक्की करून ठेवा. पैशांचं विचाराल तर यावर घर चालत नाही, शेती सोडू नका.

सुरुवात करायची असेल तर आधी नकाशे, राजवंश, नवी भाषा यांच्या मागे लागू नका. तुमच्या गावात पाण्याची पाळी कोण ठरवतं, त्यावरून भांडण कसं पेटतं आणि कोण मिटवतं, ते एका वहीत उतरवा. मग त्यात एकच अशक्य गोष्ट टाका आणि सगळ्यात आधी कोणाचं नुकसान होतं ते बघा. पहिलं प्रकरण त्या माणसाचं लिहा.