पिचर, गोलंदाज आणि ‘हटके अंदाज’

प्रश्न : आम्ही पिट्सबर्गजवळ राहतो. माझा चौदा वर्षांचा मुलगा बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा, आहे. त्याचे कोच त्याला ‘पिचिंग प्रॉस्पेक्ट’ म्हणतात, म्हणजे पुढे नाव काढेल अशी आशा असलेला पिचर. सांगलीला आईला हे मराठीत कसं सांगू? ‘उदयोन्मुख गोलंदाज’ म्हटलं तर चालेल का? मुळात पिचरला गोलंदाज म्हणावं का? त्याचा बॉल टाकण्याचा अंदाज जरा हटके आहे, असं सगळेच म्हणतात.

उत्तर : ताई, आधी तुमच्या शेवटच्या वाक्याकडे वळतो, कारण ते वाचून माझा चहा गार झाला. मराठीत अंदाज हटके नसतो. अंदाज बरोबर येतो, चुकतो, बांधतात, घेतात, आणि पावसाचा असेल तर वर्तवतात आणि मग खुलासे करतात. मुलाच्या हाताला ढब असेल, लकब असेल, धाटणी असेल, हातोटी असेल. एवढे शब्द घरात असताना हिंदी सिनेमाच्या पुरवण्यांमधून ‘खास अंदाज’ आणि ‘हटके अंदाज’ उचलून आणायची गरज काय? उर्दूत अंदाज म्हणजे शैली, हे मान्य. पण आपण हा शब्द शायरीतून घेतलेला नाही. आपण तो घेतला तोफखान्यातून आणि दप्तरातून. म्हणूनच आपल्याकडे अंदाजपत्रक असतं, आणि त्यात शैली नावाला नसते.

हे तोफखान्याचं मत माझं स्वतःचं आहे. ते न पटणारे दोन-तीन जाणकार आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो.

‘गोलंदाज’ हा शब्द फोडून बघा. फारसीत ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणं, आणि त्याचं समासात येणारं रूप ‘अंदाज’, म्हणजे फेकणारा. बाण सोडणारा तो तिरंदाज. बंदुकीतून जणू वीज फेकणारा तो बरकंदाज, कारण ‘बर्क’ म्हणजे वीज. भलत्या कामात हात घालणं ती दस्तंदाजी. आणि तोफेचा गोळा फेकणारा तो गोलंदाज. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा, क्रिकेटचा तिथे पत्ताही नाही. पेशवाईत तोफखाना सांभाळणाऱ्या पानशांनी सासवडजवळ मल्हारगड बांधला. त्यांच्या पदरचे गोलंदाज यॉर्कर टाकत नव्हते.

जुन्या इंग्रजी कोशांत हा शब्द सरळ फारसी म्हणूनही नोंदलेला दिसतो. इंग्रज कोशकारांना अर्धा शब्द ओळखीचा निघाला की उरलेला अर्धाही त्याच खात्यावर टाकायची सवय होती. ‘गोल’ आणि ‘गोळा’ आपले, थेट संस्कृतातले. शेपूट तेवढं फारसी. दोन घरचं लेकरू आहे ते, एकाच आडनावाने नोंदवू नये.

आता खरी गंमत. तिरंदाजातला ‘अंदाज’ आणि ‘पाहुणे किती येतील याचा अंदाज’ यातला ‘अंदाज’ हा एकच शब्द आहे. इस्लामपूर्व इराणच्या पहलवीत याच क्रियापदाचं जुनं रूप ‘हंदाख्तन’ असं होतं. त्याचा अर्थ आखणं, हिशेब करणं. त्याच घरातला ‘अंदाजा’ म्हणजे माप. हे माप अरबांनी उचललं, त्याचं ‘हंदसा’ केलं आणि भूमितीला तेच नाव दिलं. अरबीत इंजिनिअर म्हणजे आजही ‘मुहंदिस’. म्हणजे हिशेब, माप, भूमिती, फेक ही सगळी एकाच घरातली भावंडं. तुमची आई भाजीत अंदाजाने मीठ टाकते ना? तिथे दोन्ही अर्थ एकाच चिमटीत आहेत.

काही विद्वान म्हणतात, फेकण्याचा अंदाज वेगळा आणि अटकळीचा वेगळा, उच्चारसाम्य हा योगायोग. या मंडळींनी तोफ कशी डागतात याचा कधी विचार केला असेल असं वाटत नाही. जुन्या तोफेच्या बुडाखाली लाकडी पाचर सारून तोंड वर-खाली करत. दारू किती भरायची हे हाताच्या सवयीवर ठरे. पहिला गोळा अलीकडे पडला, दुसरा पलीकडे गेला, मग तिसरा त्या दोहोंच्या मध्ये घालायचा. इथे फेकणं हेच मोजणं आहे. माझं म्हणणं असं की मराठीने या शब्दाचा शैलीवाला अर्थ दारातच अडवला आणि अटकळीवाला आत घेतला, तो शब्द आपल्याला गोलंदाजांनी आणून दिला म्हणून. याला कागदी पुरावा मागणाऱ्यांनी आधी उलट बाजूचा दाखवावा.

पिचर गोलंदाज का, याचंही उत्तर यातच आहे. आक्षेप नेहमीचाच : गोलंदाज चेंडू ‘टाकतो’, पिचर ‘फेकतो’. अहो, अंदाख्तन म्हणजेच फेकणं! क्रिकेटमध्ये चेंडू फेकला की पंच नो-बॉल देतात. म्हणजे व्युत्पत्तीने पाहिलं तर क्रिकेटचा गोलंदाज हाच तोतया, आणि कोपर वाकवून, खांदा झोकून फेकणारा पिचर अस्सल. इंग्रजांचे स्वतःचे शब्द तरी कुठे जागेवर राहिलेत? ‘बोल’ म्हणजे मुळात घरंगळवणं. बेसबॉलच्या १८४५ च्या निकरबॉकर नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की चेंडू ‘पिच’ करायचा, ‘थ्रो’ करायचा नाही. म्हणजे खालून, फलंदाजाला मारता येईल असा द्यायचा. खांद्यावरून फेकायची मुभा नॅशनल लीगने १८८४ मध्ये दिली, १८९३ मध्ये पिचरला मागे, साठ फूट सहा इंचांच्या अंतरावर नेलं, नाव मात्र तेच ठेवलं. तेव्हा पिचरला गोलंदाज खुशाल म्हणा. ‘क्षेपक’ सुचवणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. प्रक्षिप्त श्लोकालाही क्षेपकच म्हणतात.

फेकणं आणि अटकळ यांचं नातं आज बघायचं असेल तर बेसबॉलचा तरुण पिचर बघायला जावं. होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या जागेच्या मागे, जाळीपलीकडे, क्लबांचे स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारे, बसलेले असतात. पोराने पाय उचलला की वेग मोजणारे सगळे रडार गन एकदम वर. चेंडू फलंदाजामागे झेलायला बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात आदळेपर्यंत आकडा आलेला असतो, आणि सगळ्या माना एकदम खाली, वहीत. गोलंदाजाच्या खेळात तोफ आता बघणाऱ्यांच्या हातात आहे! मग वीस ते ऐंशी या मोजपट्टीवर गुण देतात. पन्नास म्हणजे मेजर लीगमधला, अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीवरचा, सर्वसाधारण, ऐंशी म्हणजे पिढीत एखादा. वेगवान फास्टबॉलला वेगळे गुण, वळणाऱ्या स्लायडरला वेगळे, फसव्या हळू चेंजअपला वेगळे, आणि चेंडूवरच्या हुकमतीला वेगळे. हुकमत आणि ताबा यांत ते फरक करतात, तो मराठीतही जपण्यासारखा आहे. चेंडू स्ट्राइकच्या चौकटीत, म्हणजे फलंदाजाला मारता येईल अशा पट्ट्यात, घालता येणं हा ताबा, आणि कॅचरने मोजा धरला तिथेच घालता येणं ही हुकमत.

माझी तक्रार अशी की गन आली आणि अंदाज गेला. आकडा मिळाला की अटकळ बांधायचे कष्ट कोण घेतो? ग्रेग मॅडक्स १९८४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायच्या कार्यक्रमात, दुसऱ्या फेरीत निवडला गेला. अंगाने किरकोळ, वेग बेताचा. पुढे ३५५ विजय आणि १९९२ ते ९५ सलग चार साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचे, पुरस्कार. तो चेंडू जिथे घालायचा तिथेच घालायचा, आणि ते गनवर दिसत नाही. उलट मार्क प्रायर. २००१ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा. त्याची फेकण्याची क्रिया निर्दोष, पुस्तकात छापावी अशी, असं जाणत्यांचं मत. २००३ मध्ये अठरा विजय मिळवले आणि २००६ नंतर तो मेजर लीगमध्ये दिसलाच नाही. खांद्याने निर्दोष क्रियेचं ऐकलं नाही.

तुमच्याच गावाच्या संघाशी जोडलेलं उदाहरण घ्या. ८ जून २०१० ला स्टीफन स्ट्रासबर्गने वॉशिंग्टनकडून पदार्पण केलं ते पिट्सबर्गविरुद्ध, आणि पहिल्याच सामन्यात चौदा वेळा फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं. सप्टेंबरमध्ये कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया. या शस्त्रक्रियेत तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बहुतेकदा मनगटाकडची कंडरा काढून बसवतात. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये ती पहिल्यांदा टॉमी जॉनवर केली आणि जॉन त्यानंतर १६४ सामने जिंकला. स्ट्रासबर्ग परतल्यावर २०१२ मध्ये क्लबने त्याला १५९ डावांनंतर घरी बसवलं, संघ प्लेऑफच्या, म्हणजे अखेरच्या बाद फेरीच्या, वाटेवर असताना. त्यावरून अजून भांडणं होतात. मी क्लबच्या बाजूचा आहे. २०१९ मध्ये वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, हे विसरू नये. पण मग क्लबने चोवीस कोटी पन्नास लाख डॉलरचा करार केला आणि त्यानंतर तो जेमतेम आठ सामन्यांत उतरला. अंदाज!

म्हणून आकडेवारीवाल्या चाहत्यांमध्ये एक वचन रूढ आहे : पिचिंग प्रॉस्पेक्ट नावाची वस्तू अस्तित्वातच नसते. हात मोडेपर्यंत ते पोर प्रॉस्पेक्ट, आणि टिकला तर सरळ पिचर. हे अतीच झालं. तुमच्या गावच्या संघाने पॉल स्कीन्सला २०२३ मध्ये सर्वांत आधी निवडलं, तो २०२४ मध्ये सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२५ मध्ये त्याने साय यंग पटकावला. पण वचनातली मेख खरी आहे, आणि ‘उदयोन्मुख’ मला नको आहे तो याच कारणासाठी. उदयोन्मुख असतो सूर्य. तो पंचांगात दिलेल्या वेळेला उगवतोच. पिचरच्या हाताचं पंचांग निघत नाही.

मग काय म्हणायचं? उमेदवार. हसू नका. निवडणुकांनी हा शब्द नासवला. ‘उमेद’ म्हणजे आशा, ती धरून असलेला तो उमेदवार. पूर्वी कचेरीत पोरं विनापगारी किंवा अर्धपगारी राबत, जागा रिकामी होईल या आशेवर, आणि त्याला उमेदवारी करणं म्हणत. मेजर लीगच्या खालची मायनर लीग ही हुबेहूब उमेदवारी आहे. सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए अशा चार पायऱ्या, लांबलांबचे बसप्रवास, आणि २०२३ चा करार होईपर्यंत पगारही उमेदवाराला शोभणारा. त्या करारानंतरही २०२३ मध्ये सर्वांत वरच्या पायरीवर किमान वर्षाला ३५,८०० डॉलर होते.

उमेदवारीत शिकायचं असतं ते हे : चेंजअप धरताना अंगठा आणि तर्जनी यांचं कडं करायचं, चेंडू तळव्यात खोल बसवायचा, हात मात्र फास्टबॉलच्याच वेगाने आणायचा. चेंडू आठ-दहा मैलांनी हळू येतो आणि फलंदाजाची बॅट आधीच फिरून जाते. हे गन दाखवून शिकवता येत नाही, आणि म्हणून हल्ली कमी शिकवतात. मेजर लीगच्याच डिसेंबर २०२४ च्या अहवालाने दुखापतींचं खापर वेगाच्या आणि दर चेंडूला पूर्ण जोर लावण्याच्या हव्यासावर फोडलं आहे.

भारताचा संबंध विचाराल तर तोही आहे. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना निवडलं आणि तुमच्याच पिट्सबर्ग पायरेट्सनी करारबद्ध केलं. दोघेही उत्तर प्रदेशचे, दोघेही भालाफेकवाले. एवढा क्रिकेटवेडा देश धुंडाळला आणि निवडले ते फेकणारे! त्यांना तयार केलं टॉम हाउसने. हाच गृहस्थ वर सांगितलेल्या प्रायरचाही गुरू. दोघांपैकी कोणीही मेजर लीगपर्यंत पोचलं नाही, पण उमेदवारी दोघांनी केली, रिंकूने तर काही वर्षं.

तर आईंना सांगा, ‘नातू गोलंदाजीची उमेदवारी करतोय.’ सांगलीत हे कळेल. मुलगा सध्या शाळेतच आहे, तेव्हा ‘होतकरू’ म्हटलंत तरी मी भांडणार नाही, थोडा कुरकुरेन. आणि कोचना विचारा, एका दिवशी किती चेंडू टाकायला लावता? मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांच्या ‘पिच स्मार्ट’ सूचनांत तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच सांगितले आहेत, आणि ६६ किंवा त्याहून जास्त झाले तर चार दिवस विश्रांती.

लेखनाबद्दल : ‘गोलअंदाज’ नाही, ‘गोलंदाज’. ‘तिरंदाज’ही तसाच. संधी झालेली आहे, ती उसवू नये. ‘नजरअंदाज करणे’ मात्र मराठीत कुठल्याच रूपात नको, त्याला आपल्याकडे ‘दुर्लक्ष’ आहे.