घाई कुठे करायची, थांबायचं कुठे?

लैंगिक आजार आणि नको असताना राहिलेले दिवस यांबद्दल सातारा-सांगलीच्या तरुण वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना डॉक्टरांची उत्तरं. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : वय २०, विश्रामबागला हॉस्टेलवर राहते. शनिवारी रात्री मित्राशी संबंध आले तेव्हा कंडोम फाटला. मंगळवारी सकाळी मेडिकलमधून किट आणून तपासलं, एकच रेघ आली. म्हणजे काळजी नाही ना? गोळी घेतली नाही. गोळीने गर्भाची पिशवी खराब होते असं मैत्रीण म्हणाली.

उत्तर : त्या एका रेघेवर विसंबू नका. किट लघवीतलं एक संप्रेरक शोधतं आणि ते गर्भ पिशवीच्या अस्तरात रुजल्यावरच तयार होतं. रुजायला आठवडा-दहा दिवस जातात. तिसऱ्या दिवशी दिवस राहणार असले तरी रेघ एकच येणार. त्या संबंधाला २१ दिवस झाले की सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा तपासा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच बघा. दुसरी रेघ फिकट असली तरी ती रेघच. आशाताईंकडे हे किट मिळतं.

वाईट याचं वाटतं, की तुम्ही त्या काउंटरवर उभ्या होतात तेव्हा जेमतेम साठ तास झाले होते आणि गोळी तिथेच होती. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची. चिठ्ठी लागत नाही. जितकी लवकर तितका उपयोग जास्त, कारण ती बीज बाहेर पडणं लांबवते. बीज सुटून गेलं असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही. राहिलेला गर्भ ती पाडत नाही आणि पिशवीही खराब करत नाही. पाळी मात्र काही दिवस पुढेमागे होते. गोळीनंतर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यावी लागते. टीबीची रिफाम्पिसिन किंवा फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं चालू असतील तर तिचा परिणाम कमी होतो. तसं असेल तर डॉक्टरांना विचारा. आणि आज घेतलेली गोळी त्यानंतरच्या संबंधाला पुरत नाही, यातच पुष्कळजणी फसतात. ७२ तास उलटले तरी पाचव्या दिवसापर्यंत डॉक्टर तांबी (कॉपर-टी) बसवू शकतात. ती गोळीपेक्षा खात्रीची.

जोडीदाराला एचआयव्ही आहे किंवा असण्याची शक्यता आहे, असं असेल तर तिथेही ७२ तासच हातात असतात. सिव्हिलला जाऊन तसं स्पष्ट सांगायचं. तिथे २८ दिवसांची औषधं सुरू करतात. रविवार आहे, उद्या जाऊ, असं करू नका.

पुढे कधी तपासणीत दोन रेघा आल्या आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं किंवा चक्कर आली, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.

प्रश्न : वय २३, सातारा एमआयडीसीत कामाला. दोन महिन्यांपूर्वी लघवीच्या जागेवर एक फोड येऊन जखम झाली. दुखत नव्हती. मेडिकलवाल्याने मलम दिलं, महिन्यात बरी झाली. आता तळहातावर लालसर डाग आहेत, खाज नाही. उन्हाळ्यात लग्न ठरलंय.

उत्तर : हे वर्णन गरमीचं, म्हणजे सिफिलिसचं आहे. मलमाने काही झालेलं नाही. ही जखम तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते, औषध लावा वा न लावा. श्रेय मलमाला जातं आणि जंतू रक्तात पसरत राहतो. न दुखणारी जखम, मग तळहात-तळपायावर न खाजणारे डाग, हा त्याचा ठरलेला क्रम. पुढे डागही जातात आणि माणूस बरा झालो समजतो.

सिव्हिलच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या विभागात जा. साताऱ्यात ओळखीचं कुणी दिसेल अशी धाकधूक असेल तर कऱ्हाडला, नाहीतर थेट मिरजेला जा. रक्ताची व्हीडीआरएल तपासणी होईल. सोबत एचआयव्हीचीही करा आणि शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर तीन महिन्यांनी ती पुन्हा करा, कारण त्याआधीची निगेटिव्ह पक्की धरता येत नाही. उपचार साधा आहे : बेन्झाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, निम्मं निम्मं दोन्ही कुल्ल्यांत, एकदाच. लागण वर्षापेक्षा जुनी असेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. इंजेक्शनच्या रात्री थंडी वाजून ताप येऊ शकतो, तो एका दिवसात उतरतो. तीनदा घ्यायची असतील तर घाबरून पुढची इंजेक्शनं सोडू नका. सहा आणि बारा महिन्यांनी व्हीडीआरएल पुन्हा करून आकडा उतरला का ते बघतात.

ज्यांच्याशी संबंध आला त्यांचीही तपासणी हवी, नाहीतर तोच आजार परत तुमच्याकडे येईल. आणि लग्नाआधी हे पूर्ण करा, ही आमची कळकळीची विनंती आहे. बायकोला लागण झाली आणि दिवस राहिले तर मूल पोटात दगावू शकतं किंवा आजार घेऊन जन्मतं.

जखमेऐवजी लघवीला जळजळ आणि पू येत असेल तर तो परमा (गनोरिया) किंवा क्लॅमिडिया, हेही संबंधांतून लागणारे आजार. त्याच्या गोळ्या वेगळ्या, या इंजेक्शनने तो जात नाही. मुलींमध्ये क्लॅमिडिया बहुतेक वेळा काहीच लक्षण दाखवत नाही. अंगावरून पांढरंही जात नाही, आणि आत नळ्या बंद होऊ शकतात. म्हणून मुलाला पू आला तर मैत्रिणीलाही त्याच वेळी औषध द्यायचं आणि दोघांनी सात दिवस संबंध टाळायचे.

प्रश्न : वय १९, अविवाहित, दिवस राहिलेत, आठवा आठवडा चालू आहे. गर्भपाताला आईवडिलांची सही लागेल का?

उत्तर : नाही. १८ पूर्ण झाली की फक्त तुमची संमती. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं, लग्न झालेलं असण्याची अट नाही आणि तुमचं नाव गुप्त ठेवणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच होतो, म्हणून याच आठवड्यात जा. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका : गर्भ नळीत असेल तर त्या काम करत नाहीत आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो. गोळ्यांनंतर सलग दोन तास तासाला दोन मोठे पॅड भिजले तर लगेच रुग्णालय.

मुलगी १८ च्या आतली असेल तर पालकांची लेखी संमती लागते आणि डॉक्टरांना पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावं लागतं. पण मुलीने व पालकांनी विनंती केली तर तिचं नाव-ओळख सांगायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पोलिसांच्या भीतीने पाचवा महिना लागेपर्यंत घरात लपवून ठेवू नका.

प्रश्न : कंडोम गाडीच्या डिकीत ठेवतो. चालतं का? खोबरेल लावलं तर?

उत्तर : दोन्ही नको. उन्हात तापलेल्या डिकीत रबर सुकतं आणि खोबरेल, व्हॅसलीन लागलं की मिनिटांत कमजोर होतं. पाण्यावर आधारित जेल वापरा. तारीख बघा, पाकीट दातांनी फाडू नका, टोक चिमटीत धरून हवा काढा आणि बाहेर काढताना कडा बोटांनी धरा. एकावर एक दोन चढवले तर घासून फाटतात. एचआयव्हीबद्दल फोनवर विचारायचं असेल तर १०९७ या क्रमांकाला पैसे पडत नाहीत.