मेकॅनिकल सोडून एआय शिकावं का?

भोसरीच्या एका वडिलांचं पत्र आहे. ते टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि डाय बनवायच्या विभागात, कामाला, मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. तिला नवीन प्रॉडक्ट डेव्हलपमेंटमध्ये जायचं होतं; पण 'डिझाइन आता एआयच करणार' हे ऐकून तिचं मन उडालंय, आणि घरात दीड लाखांच्या एआय कोर्सचा विषय निघालाय.

दादा, दीड लाख तूर्त राहू द्या.

एआय डिझाइन करतं, हे खरंच आहे. जनरल मोटर्सने 2018 मध्ये ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीचं जनरेटिव्ह डिझाइन (अटी दिल्या की कॉम्प्युटर स्वतःच ढीगभर आकार काढून देतो ते) वापरून सीटचा ब्रॅकेट करून पाहिला. दीडशेहून जास्त पर्याय निघाले. निवडलेल्यात आठ भागांचा एकच भाग झाला, वजन 40 टक्क्यांनी घटलं, मजबुती 20 टक्क्यांनी वाढली. मात्र तो आकार थ्रीडी प्रिंटिंगचा होता. तोच तुमच्यापुढे डाय, म्हणजे साचा, करायला ठेवला, तर तुम्ही पहिल्यांदा विचाराल, पार्ट सुटणार कसा? ड्राफ्ट, म्हणजे साच्यातून सुटायला लागणारा उतार, कुठाय? हा अंडरकट, साच्यात अडकणारा खाचा, कोण काढणार? लोड कुठून येतो, बोल्ट कुठे बसतो, पार्ट ओतायचा की मिलिंग करून, म्हणजे कापून, काढायचा, हे सॉफ्टवेअरला माणसानेच सांगायचं असतं. लोड चुकीचा दिला, तर ते इमानेइतबारे चुकीचाच पार्ट काढून देतं.

म्हणून मुलीने मेकॅनिकल सोडू नये. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स (कुठला पार्ट किती भार सोसतो, तो विषय) पक्कं करावं, जोडीला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन, कोर्स मोफत बघता येतात, पैसे फक्त परीक्षेचे. मग एक छोटा प्रोजेक्ट: दुचाकीवाल्यांनी ऑनलाइन लिहिलेल्या तक्रारी गोळा करायच्या. 'ब्रेक मारला की कुर्र आवाज येतो', कुणी हिंदीत, कुणी अर्धं इंग्रजीत. एआयकडून त्यांचे गट पाडून घ्यायचे, आणि चुकीच्या गटात काय गेलं ते स्वतः वाचून शोधायचं. त्यातून एक पार्ट निवडून दोन-तीन पर्याय काढायचे. गुरुवारी तुम्हाला सुट्टी असेल, तेव्हा संध्याकाळी ते पर्याय तुमच्यापुढे मांडू द्या आणि बिनधास्त खोड्या काढा. कुठला पर्याय का फेकला, याची वही तिने ठेवावी. मुलाखतीत सर्टिफिकेटपेक्षा त्या वहीवर जास्त बोलणं होतं, असा माझा अनुभव आहे.

फक्त मदतीच्या भरात कंपनीचं ड्रॉइंग तिला देऊ नका. ते गिऱ्हाइकाचं असतं. कुठल्याशा फुकटच्या चॅटबॉटवर चढलं, तर नोकरी तुमची जाईल.