वाचकांचे प्रश्न : तरण तलावाचा पंप पाणी का सोडतो?

प्रश्न : आमच्या तरण तलावाचा पंप सकाळी सुरू केला की नुसता आवाज करतो, पाणी उचलत नाही. जाळीच्या भांड्याचे झाकण उघडून बादलीभर पाणी ओतले की दिवसभर बिनतक्रार चालतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रड. पंपाला किंवा पाइपाला कोठेही गळती नाही, जमीन कोरडी ठणठणीत आहे. पंप जुना झाला आहे, तो बदलूनच टाका, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर : पंप बदलण्याची घाई करू नये. एकदा पाणी धरल्यावर तो दिवसभर नीट चालतो, याचाच अर्थ मोटार आणि इम्पेलर (पाणी ढकलणारे पंपातले फिरते चाक) शाबूत आहेत. दोष बहुधा पंपाच्या अलीकडे, म्हणजे तलावापासून पंपाच्या तोंडापर्यंतच्या सक्शन लाइनमध्ये किंवा जाळीच्या भांड्याच्या झाकणाशी आहे. नवा पंप बसवल्यावर अशी तक्रार पुष्कळदा मिटते, हे खरे; पण त्याचे श्रेय पंपाला नसून त्याच्याबरोबर आलेल्या नव्या ओ-रिंगला (झाकणाखालच्या रबरी कड्याला) आणि नव्याने आवळलेल्या जोडांना असते.

गळती दिसत नाही, हा मुद्दा आपण पंपाच्या बाजूने मांडला आहे. परंतु त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पंप चालू असताना सक्शन लाइनमधील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी असतो, त्यामुळे तेथे फट असेल तर पाणी बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. पाणी बाहेर गळते ते पंपाच्या पुढच्या, फिल्टरकडे जाणाऱ्या भागात, आणि त्या गळतीमुळे चालू पंपात हवा शिरत नाही. म्हणून पंप जेथून हवा घेतो ती जागा ओल शोधून सापडत नाही.

आता रात्री नेमके काय घडते ते पाहू. आपला पंप तलावाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर बसवलेला असावा. अशा मांडणीत पंप बंद झाल्यावर सक्शन पाइपातील पाणी केवळ वरून हवा शिरत नाही म्हणून जागच्या जागी टिकून राहते. केसाएवढी फट असली तरी हवा हळूहळू आत येते आणि पाणी तलावात उतरते. हीच फट दिवसा चालू पंपाला फारसा त्रास देत नाही, कारण थोडीफार हवा वाहत्या पाण्याबरोबर पुढे निघून जाते. सकाळी मात्र पाइप रिकामा असतो, आणि हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पटींनी हलकी असल्यामुळे इम्पेलर तिच्यात कितीही वेगाने फिरला तरी पाणी वर येण्याइतका दाब कमी होत नाही. सेल्फ-प्रायमिंग, म्हणजे आपले आपण पाणी धरणारा, म्हणून विकला जाणारा पंपदेखील आपल्या भांड्यात साठवलेल्या पाण्याच्या आधारेच पाइपातील हवा बाहेर काढतो. ते पाणीच निघून गेले तर त्या नावाला अर्थ उरत नाही.

तपासाची सुरुवात झाकणापासून करावी, कारण रोज उघडझाप होणारा जोड तोच आहे. मेन स्विच बंद करून झाकण काढावे, ओ-रिंग खाचेतून सोडवून स्वच्छ फडक्याने पुसावी आणि बोटांवर ताणून सावकाश फिरवत पाहावी. वरून धडधाकट दिसणाऱ्या रबरावर ताण दिला की बारीक भेगा उघडतात. कधी रिंग एका बाजूने दबून चपटी झालेली असते, तर कधी खाचेत वाळूचा कण किंवा एखादा केस अडकलेला असतो, आणि तेवढे कारण पुरेसे असते. खाच पुसून, रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर देऊन झाकण हाताने घट्ट बसवावे. पेट्रोलियमयुक्त ग्रीस लावू नये. काही प्रकारचे रबर त्याने फुगते. झाकणालाच तडा गेला असेल तर सीलंट थापत बसण्यापेक्षा झाकण बदललेले बरे.

त्यानंतर भांड्याच्या तळाचे ड्रेन प्लग, सक्शनवरच्या व्हॉल्व्हचा दांडा आणि पाइप जेथे पंपात शिरतो तो आटेदार जोड पाहावा. या शेवटच्या जोडाबद्दल मला नेहमीच संशय असतो. पंप कोरडा चालला की भांड्यातले उरलेसुरले पाणी तापते, त्या उष्णतेने पीव्हीसीचे आटे आकसतात आणि जोड कायमचा सैल पडतो. म्हणजे एकदा पाणी सोडलेला पंप पुढच्या वेळी पाणी सोडण्याची तजवीज स्वतःच करून ठेवतो. खात्री करून घेण्यासाठी पंप चालू ठेवून एकेका जोडावर शेव्हिंग फोम लावावा, मात्र मोटारीवर आणि विजेच्या जोडणीवर काही पडणार नाही याची काळजी घ्यावी. जेथे फोम आत ओढला जाऊन खळगा पडतो किंवा पारदर्शक झाकणाखालचे बुडबुडे अचानक कमी होतात, तेथे दोष आहे असे समजावे.

हे सारे जोड निर्दोष निघाले तर सक्शन लाइनवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे उतरू न देणारा व्हॉल्व्ह, उघडून पाहावा. पानाचा एखादा तुकडा अडकला तरी त्याची झडप पूर्ण मिटत नाही. असा व्हॉल्व्ह बसवलेलाच नसेल तर उंचावरच्या पंपासाठी तो बसवून घ्यावा, पण फट तशीच ठेवून केवळ व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नये.

प्रश्न : आमचा पंप चालता चालताच हवा धरतो, विशेषतः तलावात गर्दी असताना किंवा तळाची सफाई करताना. याचे कारणही हेच असेल का?

उत्तर : बहुधा नाही. आधी पाण्याची पातळी पाहावी. ती साधारणपणे स्किमरच्या, म्हणजे तलावाच्या भिंतीतील पृष्ठभागाचे पाणी व पाचोळा ओढणाऱ्या खिडकीच्या, तोंडाच्या मध्यापर्यंत हवी. त्याखाली गेली की स्किमरमध्ये भोवरा होऊन हवा थेट पाइपात जाते. गर्दीत पाणी बाहेर उडते, लाटांमुळे पातळी वरखाली होते, आणि काठावर असलेली पातळी तेवढ्याने अपुरी पडते. स्किमरची झडप वरच्या स्थितीत अडकली असेल किंवा टोपली पाचोळ्याने भरली असेल, तरी पातळी पुरेशी असूनही पंपाची उपासमार होते.

सफाईच्या वेळचे कारण बहुतेकदा सफाईच्या होजमध्ये (लवचीक नळीत) भरलेली हवा हेच असते. होजचे एक टोक पाणी परत येणाऱ्या इनलेटसमोर धरावे, दुसऱ्या टोकातून बुडबुडे येणे पूर्ण थांबू द्यावे आणि मगच तो स्किमरला जोडावा.

तरीही उलगडा झाला नाही तर सक्शन बाजूच्या ड्रेन प्लगच्या जागी व्हॅक्यूम गेज, म्हणजे ओढीचा जोर दाखवणारा मापक, लावून घ्यावा. आकडा नेहमीपेक्षा जास्त असेल तर तलाव आणि पंप यांच्या दरम्यान काही तुंबले आहे. कमी असेल तर कोठून तरी हवा शिरते आहे किंवा इम्पेलरमध्ये कचरा, केस अडकले आहेत. पंप स्किमरमधून पाणी ओढत नाही म्हणून स्किमरचा व्हॉल्व्ह बंद करून सगळी ओढ तळाच्या एकाच जाळीवर टाकण्याचा उपाय काही जण करतात. तलावात माणसे असताना हे कदापि करू नये. त्या ओढीने केस किंवा शरीर जाळीला चिकटून पोहणारा पाण्याखाली अडकू शकतो.

प्रश्न : पाणी धरेपर्यंत पंप किती वेळ चालू ठेवावा?

उत्तर : भांडे काठोकाठ भरून, फिल्टरवरचा हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून पंप सुरू करावा आणि तेथून पाण्याची अखंड धार आल्यावरच तो मिटवावा. पंपाच्या माहितीपुस्तिकेत दिलेली मुदत पाळावी. ती हाताशी नसेल तर दोन-तीन मिनिटांत पाणी न आल्यास पंप बंद करून भांडे पुन्हा भरावे. मोटारीच्या दांड्याभोवती पाणी अडवणारे मेकॅनिकल सील पाण्यानेच थंड राहते, त्यामुळे त्याहून अधिक वाट पाहिली तर आधी सील जळते. कमीजास्त वेगाचा पंप असेल तर पाणी धरेपर्यंत त्याचा वेग वाढवून ठेवावा. अगदी कमी वेगावर असे पंप सुस्थितीतही हवा काढू शकत नाहीत.